उंबरठ्याखालचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना कंप्रेसर आहे. फ्रिजच्या पाठीमागे घरघरणारा किंवा टायरमध्ये हवा भरणारा कंप्रेसर तुम्ही पाहिला असेल, पण तो मी नाही. विशालने मला रोह्याजवळ वरश्याला आपल्या घरी आणलं, तेव्हा त्याच्या आईचीही अशीच गल्लत झाली होती. "गॅरेज टाकतोस काय रे?" असं तिने दारातच विचारलं होतं.

मी आवाजाचा कंप्रेसर आहे. लोखंडी पेटी, तोंडावर बटणं आणि बारीक दिवे, पाठीला वायरी खोचायची भोकं, असा माझा अवतार. फार मोठा झालेला आवाज दाबणं हे माझं काम. माझ्या पोटात शिरलेल्या आवाजाचे चार कप्पे होतात. तळाला ढोलाची धडधड असते. तिच्यावर माणसाच्या छातीतला आवाज, त्याच्यावर शब्दांची धार आणि अगदी वरती श्वासाची सळसळ, बांगड्यांची किणकिण. ज्या कप्प्यात दाटी झाली तेवढाच मी दाबतो, बाकीच्यांना हात लावत नाही. यालाच मल्टिबँड म्हणतात.

माझ्या पाठीला एक जास्तीचं भोकही आहे. त्याचं नाव साइडचेन. तिथून येणारा आवाज मी पुढे पाठवत नाही, नुसता ऐकतो, आणि तो आला की पोटातल्या दुसऱ्या आवाजाला दाबतो. जत्रेत लाउडस्पीकरवर गाणं चालू असतं आणि मध्येच हाक येते, "हरवलेल्या मुलाच्या आईने स्टेजपाशी यावं!" हाक आली की गाणं बारीक होतं आणि हाक संपली की पुन्हा मोठं होतं. हे काम माझ्यासारखाच कुणीतरी करत असतो. पण कुणी बोलायचं आणि कुणी गप्प बसायचं, हे मी ठरवत नाही. ती वायर ज्याच्या हातात असेल तो ठरवतो.

माझा जन्म परदेशातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी मुंबईच्या एका स्टुडिओत आलो आणि तिथे माझी चांगली वर्षं गेली. सिनेमाची गाणी, जाहिराती, भजनं, सगळं माझ्यातून जायचं. "हा आहे म्हणून आवाज बसतो," असं तिथले साहेब लोक म्हणायचे आणि माझ्यावर चहाचा कप ठेवणाऱ्याला रागवायचे. पुढे कॉम्प्युटर आले. माझी बटणं, माझे दिवे, सगळं पडद्यावर चित्र होऊन आलं. मला जिन्याखाली टाकलं आणि वरून सोफ्याचं फाटकं कव्हर पांघरलं. किती काळ मी तिथे होतो ते मला सांगता येणार नाही. वीज नसली की मला काळ कळत नाही. पाठीच्या भोकांतून झुरळं ये-जा करायची, एवढं मात्र आठवतं.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांनी मला विशालच्या हवाली केलं. विशाल धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी स्टुडिओत काम शिकायला यायचा. त्याने माझी धूळ झटकली, सैल सांध्यांना पुन्हा डाख दिला आणि आपल्या घरामागच्या खोलीत एका लोखंडी चौकटीत मला स्क्रूने आवळून बसवलं. खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या आणि खिडकीवर प्लायवूड मारलेलं. दार लावलं की बाहेर ऊन आहे की पाऊस, हेसुद्धा आत कळत नसे. जिन्याखालून सुटलो याचा मला फार आनंद झाला होता. तो आनंद चार स्क्रू बसेपर्यंत टिकला.

विशाल लग्नाची गाणी करायचा. पेणपासून खांब गावापर्यंत हळदीला आणि वरातीला जी डीजेची गाणी वाजतात, त्यांतली बरीच या खोलीत तयार झाली. त्या गाण्यांत ढोल हा मालक असतो. ढोलाची वायर माझ्या साइडचेनला लागायची आणि बाकीचं सगळं गाणं माझ्या पोटात सोडलं जायचं. ठोका पडला की मी गाणं दाबायचो, ठोका सरला की सोडायचो. त्यामुळे गाणं छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटतं आणि नाचणाऱ्याच्या पायाला ठोका चुकत नाही. दाब, सोड. दाब, सोड. रोज तेच चालायचं. आवडतं का, असं मला कधी कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं कसं असतं?

अशात एके दिवशी इंदुबाई आली.

इंदुबाई पेणच्या खाडीकाठची. मिठागरात काम करून करून तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. पण गावोगावी तिची ओळख होती ती धवलारीण म्हणून. आगरी लग्नात धवलारीण लागते. हळद कुटण्यापासून मांडवातल्या पूजेपर्यंत प्रत्येक गोष्टीला ती धवला गाते आणि तिने गायल्याशिवाय पुढचं पाऊल कुणी टाकत नाही. तिच्यासोबत तिची मुलगी किमया होती. किमया पेणला मोबाइलच्या दुकानात कामाला होती. विशालचं नाव तिला तिथेच कळलं होतं.

"आईच्या गळ्यात गाठ निघालीय, दादा," किमया म्हणाली. "मुंबईला ऑपरेशन करायचंय. नंतर आवाज राहील का नाय, डॉक्टर सांगत नाय. त्याच्या आधी सगळं भरून ठेव."

"गाठ काढतील ती काढू दे," इंदुबाई म्हणाली. "बाकीचा सोडला म्हंजे झाला."

तिला माइकपुढे बसवलं. किमया म्हणाली, "आई, त्याला तोंड लावू नको. मागं सर जरा."

"मागं सरू तर त्याला ऐकू कसा येल गो?"

मग इंदुबाईने डोळे मिटले आणि गायला लागली.

"खाडीच्या वाटंनी आयली गो नवरी,
पायांना चिकटली मिठाची खडी..."

मित्रांनो, मी आवाज दाबला की माझे दिवे लागतात; त्या दिवशी ते क्वचितच लागले. तिचा आवाज चारही कप्प्यांत सारखा भरलेला होता. तो मोठा व्हायचा तेव्हाही सांडत नव्हता, बारीक व्हायचा तेव्हाही विझत नव्हता. दाबण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक आवाज माझ्यातून नुसता चालत गेला. हळदीचा धवला झाला, मांडवाचा झाला, पाठवणीचा गाताना मात्र ती मध्येच थांबली आणि किमयाकडे पाहून म्हणाली, "हा पुरं नाय गात. तुझ्या वक्ताला गाईन."

त्यानंतर इंदुबाई ऑपरेशनला गेली आणि विशाल त्या धवल्यांपाशी बसून राहिला. त्याला ते फार आवडले होते. त्याने किमयाला फोन लावला. "नुसता आवाज आजकाल कोण ऐकतंय? खाली ढोल टाकू का? पोरं नाचतील, मावशीचं नाव होईल." किमया हॉस्पिटलच्या व्हरांड्यात होती. तिने दमलेल्या आवाजात "टाक" म्हटलं.

दोघांच्याही मनात वाईट काही नव्हतं. ढोलाची वायर नेहमीसारखी माझ्या पाठीला आली आणि इंदुबाईचा आवाज माझ्या पोटात आला. ठोका पडला. मी दाबलं. "नवरी" हा शब्द ठोक्याखाली सापडायचा आणि त्यातलं "न" आणि "री" तेवढं बाहेर यायचं. "मिठाची" मधलं मीठ जायचं. मला कळत होतं आणि मला थांबता येत नव्हतं. पुढच्या ठोक्याला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. गाणं संपेपर्यंत मी त्या बाईचा गळा दाबत आणि सोडत राहिलो. विशाल खुर्चीत बसून मान डोलवत होता.

गाणं गाजलं. फोनवरून फोनवर गेलं, लग्नाच्या हॉलमधून वरातीत गेलं. विशालकडे लोक यायचे आणि म्हणायचे, "त्या 'मिठाच्या खडी'सारखं आमाला पण एक करून दे."

ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली. पण बाकीचं डॉक्टरांना पूर्ण सोडता आलं नाही. बऱ्याच दिवसांनी इंदुबाई पुन्हा त्या खोलीत आली तेव्हा तिच्या गळ्याभोवती पदर गुंडाळलेला होता. ती बोलायला लागली आणि मला आधी वाटलं, कुणीतरी सुपात भात पाखडतंय. तेवढाच आवाज उरला होता.

"शेजारी लगीन होता," ती म्हणाली. "तिथं पयला धवला मी गायाची. यंदा कोनी बोलवला नाय. मांडवात ह्याच गाना लावला. मी ओटीवर बसून ऐकला."

"आवडलं नाय का मावशी?" विशालने विचारलं.

"पोरां नाचली. बरा वाटला." ती दम घ्यायला थांबली. "पन विशाल, त्यात मी तोंड उघडते आन दर वेलंला कोनीतरी तोंडावर हात ठेवते. तो कोन रे?"

विशालने माझ्याकडे बोट केलं.

"यो डबा?" इंदुबाई जवळ आली. माझ्या तोंडावरचे स्क्रू तिने बोटाने चाचपले. "याला असा आवलून कशाला ठेवलाय?"

"हलू नये म्हणून."

ती हसली. हसण्याचाही आवाज आला नाही. "मना पन डॉक्टरनी ह्याच सांगितलाय. हलवू नको, ताण देऊ नको."

विशालने कॉम्प्युटरवर तिचा पहिला आवाज लावला. ढोल नसलेला, वायर नसलेला, जसा ती गायली होती तसा. इंदुबाई गळ्यावर हात ठेवून ऐकत राहिली. मांडवाचा धवला सुरू झाला तेव्हा ती म्हणाली, "बंद कर. ती बाय आता आमच्या घरात नाय रेहत."

विशालने ते बंद केलं.

किमया म्हणाली, "माझं लग्न ठरलंय, दादा. मुलगा जिते गावचा आहे. त्यासाठीच आलोय आम्ही. मांडवात धवला कोण म्हणणार?"

"हाच लावू ना. मूळचा. ढोल काढून."

इंदुबाईने जोरात मान हलवली. "लेकीच्या मांडवात मी जित्ती बसलेली आन डब्यातली बाय गानार? नाय."

"मग तू गा," किमया म्हणाली.

"गला कुठं हाय गो?"

"जेवढा हाय तेवढा."

"अगो, बाहेर ढोल वाजतोय, डीजे वाजतोय, त्यात ह्या बसल्या गल्याचा आवाज कोनाला येल?"

विशाल एकाएकी उठला, माझ्या पाठीमागे गेला आणि त्याने ढोलाची वायर उपटली. पाठीत कळ निघावी तसं मला झालं. "उलटी लावतो," तो म्हणाला. "आतापर्यंत ढोल आला की मावशी दबत होती. आता मावशीची वायर याच्या पाठीला आणि ढोल याच्या पोटात. मावशी बोलली की ढोल झुकेल. ती थांबली की उठेल."

माझ्या पेटीत दोन बाजू आहेत, म्हणून हे जमण्यासारखं होतं. एका बाजूने ढोल दाबायचा आणि दुसऱ्या बाजूने इंदुबाईचा आवाज सावरायचा. तिच्या आवाजाच्या वरच्या कप्प्यात नुसता वारा सुटलेला होता. तो मी दाबला, तेव्हा खालच्या कप्प्यात अजून थोडी इंदुबाई शिल्लक आहे हे सगळ्यांना ऐकू आलं. तिला स्वतःलाही.

मात्र एक अडचण होती. माझं एक बटण आहे, त्याला उंबरठा म्हणतात. पाठीमागून येणारा आवाज त्या उंबरठ्यावर चढला तरच मी काम करतो, नाहीतर तो आलाच नाही असं धरून चालतो. इंदुबाईचा आवाज उंबरठ्यापर्यंत येईना. विशालने उंबरठा खाली आणला, अजून खाली आणला, तेव्हा कुठे ढोल झुकला. पण ती बंद खोली होती.

लग्नाआधी मांडवाच्या दिवशी विशालने माझे स्क्रू काढले. त्या चौकटीत बसल्यापासून मी पहिल्यांदाच तिच्याबाहेर आलो. लगेच गोणपाटात गुंडाळला गेलो, ती गोष्ट निराळी. मेमू गाडीने पेणला आणि पुढे विक्रम रिक्षातून खाडीवर आलो. गोणपाट काढलं तेव्हा दुपार होती आणि पुढ्यात दत्ताचा टेम्पो उभा होता. दत्ता डीजेवाला. टेम्पोवर माणसाच्या उंचीचे स्पीकर रचलेले.

"ढोल मध्येच खाली गेला तर लोक मला शिव्या घालतील, विशाल," दत्ता म्हणाला.

"एकच धवला. मग तुझं चालू कर."

दत्ताने वायरी दिल्या, पण तोंड वाकडं करूनच.

किमया मांडवात पाटावर बसली होती, अंगभर हळद लागलेली. नवरीने पाटावरून उठायचं नसतं. इंदुबाई तिच्या शेजारी बसली. तिच्या हातात माइक दिला. ढोल सुरू झाला, पोरं नाचायला लागली आणि इंदुबाईने तोंड उघडलं.

काहीच झालं नाही. ढोल वाजत राहिला. तिचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच. भर मांडवात तिचा आवाज माझ्या उंबरठ्याच्या कितीतरी खाली होता. मी ऐकत होतो, मला ऐकू येत होतं, पण उंबरठ्यावर चढल्याशिवाय ते मोजायची मला मुभा नाही. विशालने घाईघाईने बटण फिरवलं. ते फारच खाली गेलं. स्पीकरमधला ढोल तिच्या माइकमध्ये शिरला आणि ढोल स्वतःलाच झुकायला लागला. आवाज अडखळला, बुडाला, उसळला, पुन्हा बुडाला.

"डीजे बिघडला रे!" कुणीतरी ओरडलं. पोरं हसली.

इंदुबाईने माइक मांडीवर ठेवला. तिने मान खाली घातली ती वर करेना. तिला वाटलं होतं की आपला आवाज गेला तो गेलाच, उगाच लेकीच्या मांडवाचं हसं केलं. हे तिने नंतर विशालला सांगितलं.

"आई," किमया पाटावरून म्हणाली. तिला उठता येत नव्हतं. "आई, उचल तो."

"नको गो."

"तू नाय गायलीस तर मी इथून उठणार नाय. बसून राहीन अशीच."

आजूबाजूच्या बायका हे ऐकत होत्या. त्यांतली गिरजाबाई, इंदुबाईच्या बरोबर मिठागरात काम करणारी, पुढे आली आणि स्पीकरकडे पाठ करून इंदुबाईसमोर उभी राहिली. मग दुसरी आली. बघता बघता मायलेकींच्या भोवती बायकांच्या पाठींची भिंत झाली. ढोल त्या पाठींवर आपटायला लागला, माइकपर्यंत जेमतेम पोचेना. इकडे विशाल माझ्यापुढे गुडघे टेकून बसला होता. पाठीच्या वायरीतून मी काय ऐकायचं, त्यातला तळाचा, ढोलाचा कप्पाच त्याने बंद केला. आता ढोल माइकमध्ये आलाच तरी तो मला ऐकू येणार नव्हता. मला फक्त इंदुबाई ऐकू येणार होती.

तिने माइक उचलला.

"खाडीच्या..."

ढोल झुकला.

असा झुकला की नाचणारी पोरं एक पाय उचललेला तशीच राहिली. सुपातल्या भातासारखा तो आवाज मांडवभर पसरला. "वाटंनी आयली गो..." तिला दम पुरला नाही, ती थांबली आणि ढोल उठला. तिने दम घेतला, पुढचा शब्द धरला आणि ढोल पुन्हा खाली बसला. तिची प्रत्येक ओळ त्याला ऐकावी लागली. मधल्या जागा बायकांनी भरल्या. तिने "नवरी" म्हटलं, तो शब्द पुरा आला, मधल्या "व" सकट. मी तिथेच होतो. मी काहीही अडवलं नाही.

मग तिने पाठवणीचा धवला घेतला, त्याची वेळ झाली नव्हती तरी. अर्ध्यावर तिचा आवाज पार संपला. किमयाने तिचा हात धरला आणि पुढचं बायकांनी म्हटलं. किमयाच्या गालांवरच्या हळदीत दोन ओघळ पडले. दत्ता टेम्पोच्या फळीवर बसून होता. त्याने बराच वेळ पुढचं गाणं लावलं नाही.

मित्रांनो, त्या दिवसानंतर सगळं बदललं असं मी तुम्हाला सांगणार नाही. संध्याकाळी त्याच स्पीकरवर "मिठाची खडी" वाजलं, तेच, गळा दाबलेलं. जे गाणं घराघरांत गेलं ते परत बोलावता येत नाही. इंदुबाईचा गळा काही सुधारायचा नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण गावातल्या दोन घरांनी तिला मांडवाला बोलावलं. विशालची शिफ्ट नसली तर तो मला गोणपाटात घालून घेऊन जातो. शिफ्ट असली की मी चौकटीतच असतो, ढोलाची वायर पाठीला, दाब, सोड. आजही सकाळपासून तेच चाललंय.

मला पुसत जा, माझ्यावर चहा सांडू नका, एवढंच सांगून मी थांबलो असतो. माझ्या जातीच्या वस्तू तेवढंच मागतात. पण मला दुसरंच मागायचं आहे. तुमच्या घरात, तुमच्या वर्गात कुणीतरी असेल, ज्याचा आवाज उंबरठ्यापर्यंत पोचत नाही. आजारी असेल, म्हातारं असेल, किंवा नुसतंच लाजरं. ते बोलायला तोंड उघडेल तेव्हा तुमचा टीव्ही, तुमचा फोन, तुमचं हसणं जरा खाली घ्या. माझी वायर दुसऱ्याच्या हातात आहे, मित्रांनो. तुमची तशी नाही.